कशावरून सर

पावसाळ्यात रात्री दहाच्या सुमारास आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक परिपत्रक हमखास येऊन पडतं. अतिवृष्टीमुळे जिल्ह्यातील सर्व शाळांना उद्या सुट्टी. खाली जिल्हाधिकाऱ्यांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक, सगळं यथासांग. मग हात जोडलेले, नाचणारे, छत्री घेतलेले असे मोबाइलमध्ये जेवढे म्हणून पिवळे चेहरे आहेत तेवढे ग्रुपवर उमटतात. कुणी कांदाभज्यांचा फोटो टाकतं. पीटीचे सर तर गजर बंद करून झोपतातसुद्धा. आणि तेवढ्यात तो मेसेज येतो. "जावक क्रमांक गेल्या सालचा आहे. 'जुलै' हा शब्द वेगळ्या टंकात आहे. सहीखाली 'जिल्हाधीकारी' असं छापलंय. कलेक्टर कचेरी निदान स्वतःचं पद तरी शुद्ध लिहीत असावी. परिपाठ वेळेवर."

चार ओळींत तीस माणसांची घरं उन्हात बांधायची ही हातोटी एकाच माणसाची. मस्टरवर त्यांचं नाव-आडनाव आहे, पगारही त्याच नावानं निघतो. पण पाचवीच्या पोरापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना कशावरून सर म्हणतात. नाव मुलांनी ठेवलं. शाळेत नावं ठेवायचं खातं मुलांकडे असतं आणि त्यांचा निर्णय सहसा चुकत नाही.

सर विज्ञान शिकवतात. संगणक हा विषय त्यांच्या गळ्यात पडला, कारण एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र शाळेत सर्वांत आधी त्यांनी आणलं होतं. अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक भिंग. तुम्ही काही सांगायला लागलात की मान किंचित डावीकडे कलते, चष्मा कपाळावर जातो, एक डोळा बारीक होतो. समोरचा माणूस इथंच अर्धा खचतो. "काल विट्याला गारा पडल्या म्हणे," असं सहज बोलून गेलेला माणूस "म्हणजे आमच्या साडूंनी सांगितलं... म्हणजे त्यांनाही कुणीतरी..." असं म्हणत स्वतःच मागं सरकतो. सरांनी अजून तोंड उघडलेलंही नसतं.

हा आजार जुना. 21 सप्टेंबर 1995, गुरुवार. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्यायले. सर तेव्हा दहावीत. गावातल्या देवळापुढं रांग लागलेली, आणि हा पोरगा घरी चमचाभर दूध घेऊन वरवंट्यापुढं बसला. वरवंटाही प्यायला. मग उखळ प्यायलं. मग उंबऱ्याचा दगड. काठोकाठ भरलेला चमचा दगडाला टेकला की पृष्ठताणानं दूध दगडाकडं ओढलं जातं आणि पातळ धार होऊन अंगावरून उतरतं, हे शास्त्राच्या बाईंनी त्यांना नंतर समजावलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. 'त्या पोराच्या घरचा वरवंटाबी पितोय' ही बातमी गल्लीत फिरली, आणि संध्याकाळी शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. वरवंट्याला दोन नारळ मिळाले. पुढं कित्येक दिवस त्यानं चटणी वाटायला आईचा हात धजेना.

पुरावा दाखवला की लोकांना पटतं, या समजुतीला त्याच दिवशी तडा जायला हरकत नव्हती. गेला नाही. सरांच्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी तिथून निघतात.

शिक्षकखोलीत त्यांचा उपद्रव अपार आहे. इंग्रजीच्या मॅडमनी एकदा मधल्या सुट्टीत पु.लं.चा एक विनोद वाचून दाखवला. नवरा रात्री बायकोचं 'लास्ट सीन' तपासतो, असा काहीतरी. सगळे हसले. सर म्हणाले, "पु.ल. 12 जून 2000 ला गेले. व्हॉट्सॲप 2009 चं." मॅडमनी डबा झाकला. दिवाळीच्या आधी चित्रकलेच्या सरांनी दर्शनी फलकावर रंगीत खडूंनी, दोन दिवस खपून, 'नासाने अवकाशातून टिपलेली भारताची दिवाळी' काढली. झगमगता भारत, पाहत राहावं असा. कशावरून सर फलकापुढं बराच वेळ उभे राहिले. चित्रकलेच्या सरांना वाटलं, कौतुक चाललंय.

"हा फोटो नव्हे," कशावरून सर म्हणाले. "अमेरिकेत नोआ म्हणून संस्था आहे. तिथल्या ख्रिस एल्व्हिज यांनी 2003 मध्ये केलेला हा नकाशा. बऱ्याच वर्षांचे रात्रीचे दिवे एकावर एक मांडलेत. पांढरे ते 1992 च्या आधीचे, बाकीच्या रंगांचे नंतर वाढलेले. वस्ती कशी पसरत गेली ते दाखवायला. नासानं 2012 च्या दिवाळीतलं खरं चित्र दिलंय, त्यात भारत एरवीसारखाच दिसतो. पणतीचा उजेड तिथवर पोचत नाही."

"पोचत नसंल," चित्रकलेचे सर म्हणाले, "पण माझा खडूचा डबा संपला त्याचं काय?"

याला सरांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पदरच्या पैशानं खडूचा डबा आणून दिला आणि चित्राखाली बारीक अक्षरात दुरुस्ती लिहिली. दुरुस्ती चार ओळींची होती. ती कुणी वाचली नाही.

पण या माणसाला पाहायचं तर संगणक कक्षातच. बाहेर चपलांचा ढीग (संगणकाला धुळीपेक्षा चपलांचं वावडं असतं अशी आपल्याकडच्या सगळ्या शाळांची श्रद्धा आहे), आत जुन्या पडद्यांची झापडं पांघरलेली दहा यंत्रं. त्यातली सहा चालतात. एका यंत्राला पाच पोरं. एकाच्या हातात माऊस, बाकीचे चौघे सल्लागार. पाठ्यपुस्तकात इथं कीबोर्डाचे भाग, फाइल जतन करणं असं काहीबाही असतं. ते सर दोन तासांत उरकतात. उरलेलं वर्ष एकाच गोष्टीला.

ती गोष्ट त्यांनी मुलांना सांगितली ती मी दाराशी उभा राहून ऐकली आहे. "तुझ्या ताईला स्थळ आलं. पोरगा स्वतःच म्हणतो, मी निर्व्यसनी, मला पस्तीस हजार पगार. तुझे वडील काय करतात? पोरालाच पुन्हा पुन्हा विचारत बसतात?"

"न्हाई सर. त्येच्या गावात जात्यात."

"कुणाला विचारतात?"

"किराणा दुकानात. पानपट्टीवर. आमच्या आण्णांनी तर न्हाव्याला इचारलं हुतं."

"शाब्बास. मग एखादं पान इंटरनेटवर स्वतःबद्दल स्वतःच सांगतं, मी लई खरं, तर त्याच पानावर बसून त्याचे कपडे न्याहाळायचे की उठून दुसरीकडं चौकशी करायची?"

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग नावाच्या प्राध्यापकांनी आणि सारा मॅकग्रू यांनी हेच 45 जणांवर करून पाहिलं. दहा इतिहासाचे पीएचडीवाले, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि 25 विद्यार्थी. इतिहासाची विद्वान मंडळी बरेचदा त्याच पानावर बसून वरून खालपर्यंत वाचत राहिली आणि चकचकीत मांडणीला भुलली. तपासनीस पान उघडलं की लगेच ते सोडून शेजारी दुसरी पानं उघडायचे आणि या पानाबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी बघायचे. त्यांचा निकाल लवकर लागायचा आणि बरोबरही यायचा. सर हे शिक्षकखोलीत फार चवीनं सांगतात, विशेषतः मी समोर असलो की. मराठीबरोबर इतिहासाचे तास माझ्याकडे असतात.

खरं-खोटं तपासायचा सरांचा हा तास सुरू झाला 2018 मध्ये आणि त्याचं कारण हसण्यासारखं नाही. 1 जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली, भिक्षा मागत हिंडणारी. त्या दिवसांत देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. आपल्याकडं आली ती शेवट कापून. सरांनी दोन्ही फिती वर्गात एकापाठोपाठ दाखवल्या. वर्गात कुणी बोललं नाही. त्याच आठवड्यात आमच्या स्टँडवर केसांवर भांडी देणाऱ्या एका बाईला चाळीसेक माणसांनी गराडा घातला होता. सर गर्दीत घुसले आणि नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या वैताग आणणाऱ्या संथपणे, एकेकाला विचारत सुटले. कुणाचं पोर गेलं? नाव काय? तुम्ही पाहिलं? तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांना कुणी? पोलीस येईपर्यंत निम्मी गर्दी कंटाळून घरी गेली होती. या माणसाला शौर्यपदक द्यायचं तर ते कंटाळा आणण्याबद्दल द्यावं लागेल.

व्हॉट्सॲपनं त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवता येईल असं बंधन घातलं. सर म्हणाले, "पाच तरी कशाला?" त्याच साली केरळात कण्णूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे तास सुरू केले होते. ते कात्रण सरांनी फाइलीला लावलं आणि मुख्याध्यापिका बाईंपुढं ठेवलं. बाई म्हणाल्या, "घ्या तास, पण अभ्यासक्रम पूर्ण करा." आपल्या खात्यात याला पाठिंबा म्हणतात.

खरी अडचण निराळीच निघाली. पहिलीपासून आपण पोरांना सांगत आलोय की मोठ्या माणसांना उलट विचारू नये. आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचार, डिजिटल साक्षरता हे शब्द छापून आले. हे दोन्ही एकाच पोराच्या डोक्यात घालायचं म्हणजे पंचाईत. पालकसभेला एक गृहस्थ उठले. "सर, पोरगं बिघडलंय. आमच्या दाजींनी ग्रुपवर टाकलं, दोन हजाराच्या नोटेत चिप होती म्हणून. तर ह्यो आठवीतला गडी सगळ्या पावण्यांत लिवतो, 'कशावरून?' दाजी रुसलं. दिवाळीला येत न्हाईत."

"चिप नव्हतीच," सर म्हणाले. "2016 मध्येच रिझर्व्ह बँकेनं नोटेची सगळी वैशिष्ट्यं जाहीर केली होती. त्यात चिप..."

"आवो चिपचं जाऊ द्या! दाजींचं काय करू?"

सरांची मान डावीकडे कलली, पण या खेपेला शब्द फुटला नाही. दाजींच्या बाबतीत तपासनीसांचं शास्त्र अजून बाल्यावस्थेत आहे. पुढच्या आठवड्यात त्यांनी आठवीच्या वर्गात एक नवा पाठ घेतला. टाचणवहीत त्याचं शीर्षक होतं, 'मोठ्यांना चुकीचं कसं सांगावं.' ग्रुपवर सगळ्यांदेखत नाही, एकट्याला. आधी जेवणाची चौकशी. मग 'दाजी, मलाही आधी खरंच वाटलं होतं.' एका पोरानं विचारलं, "सर, खरंच वाटलं नसंल तर ते खोटं बोलणं न्हाई का?" सर घंटा होईपर्यंत विचार करत राहिले.

घरी तर त्यांचं काहीच चालत नाही. आई भजनी मंडळाच्या ग्रुपमध्ये आहे. कलिंगडात इंजेक्शन मारतात, फ्लॉवरमध्ये प्लास्टिक असतं, ऑगस्टात मंगळ चंद्राएवढा दिसणार. सगळा माल तिच्यामार्फत गल्लीत जातो. मंगळाचं सरांनी तिला नीट समजावलं होतं. 27 ऑगस्ट 2003 ला मंगळ खरोखरच फार जवळ आला होता, म्हणजे साडेपाच कोटी किलोमीटरांहून थोडा जास्त. दुर्बिणीतून पाहिला तर चंद्राएवढा दिसेल, असं मूळ मजकुरात होतं, लोकांनी दुर्बीण गाळली. आई ऐकून घेते. मग एके दिवशी ती म्हणाली, "सगळ्या जगाला पुरावा मागतोस, तुझ्या जन्माचा पुरावा दाखव. दाखल्यावर काय हाय? एक जून. तू जल्मलास पोळ्याच्या आदल्या दिवशी, पाऊस मरणाचा. मास्तर म्हणले, एक जून टाकू, शाळेला सोपं पडतंय."

त्या काळात खेड्यातल्या शाळांनी 1 जूनला किती लेकरं जन्माला घातली याची मोजदाद नाही. आमच्या एकट्या शिक्षकखोलीत सात जणांचा वाढदिवस त्या दिवशी असतो. पण कशावरून सरांना हा घाव जिव्हारी लागला. आधार, पॅन, सेवापुस्तक, सगळीकडे खोटी माहिती, आणि तीही साक्षांकित. पुढचे काही दिवस ते कुणालाच काही विचारत नव्हते.

त्याच आईला दुपारी एक फोन आला. बँकेतून बोलतोय, कार्ड बंद पडलंय, ओटीपी सांगा. "कशावरून बँकेतनं?" आईनं विचारलं. साहेबाचं नाव काय? तुझं गाव कुठलं? आडनावावरनं तर तिकडचा वाटत न्हाईस. जेवलास का? लगीन झालंय का? एवढं बोलतोस, घसा सुकला नाही का? शेवटी त्या भामट्यानंच फोन ठेवला. सरांनी फ्रिजवर 1930 हा सायबर फसवणुकीचा तक्रार क्रमांक ठसठशीत लिहून चिकटवलाय. आई म्हणते, त्यांना सांग, लागलंच तर माझा नंबर घ्या.

दोन वर्षांपूर्वी सहामाहीनंतर माझ्याकडं नववीचे 'माझी आजी' हे निबंध आले. पहिल्या वहीत आजी प्रेम, त्याग आणि शहाणपणाचं प्रतीक होती आणि रोज पहाटे बागेत फेरफटका मारून वर्तमानपत्र वाचत चहा घेत होती. दुसऱ्या वहीतही. अकराव्या वहीपर्यंत अख्ख्या वर्गाची एकच आजी निघाली, बहुधा पुण्याच्या प्रभात रोडवर राहणारी. मोबाइलमधल्या एआयला विचारून सगळ्यांनी उतरवून काढलं होतं. मी रागानं वह्यांचा गठ्ठा उचलला आणि कशावरून सरांपुढं आपटला. तुमचं खातं, तुम्ही निस्तरा.

ते रागावले नाहीत. उलट खूश दिसले. वर्गात जाऊन त्यांनी एकाला उभं केलं.

"आजी पहाटे बागेत फिरते. कशावरून?"

"बाग न्हाई सर. परडं हाय."

"परड्यात फिरते?"

"म्हस हाय तिथं. शेण काढती."

"वर्तमानपत्र?"

"वाचाय येत न्हाई तिला."

"मग ही बाई कोण?"

वर्ग हसून लोळला. सर म्हणाले, एआय खोटं बोलत नाही आणि खरंही बोलत नाही. कुठल्या शब्दाच्या मागून कुठला शब्द येतो याचा त्याला फार मोठा सराव आहे, तुझ्या आजीची त्याच्याशी ओळख नाही. मग गृहपाठ दिला. तोच निबंध घरी न्यायचा, आजीला वाचून दाखवायचा आणि तिनं जिथं जिथं 'हे खोटं' म्हटलं तिथं तिथं तांबड्या पेनानं दुरुस्ती करायची. वह्या परत आल्या त्या रक्तबंबाळ. 'त्याग' खोडून एकीनं लिहिलं होतं, 'आजी म्हणाली त्याग केला नाही, करायला लावला.' दुसऱ्याच्या आजीनं बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर खडी फोडली होती आणि सुकडी खाऊन दिवस काढले होते. सरांनी सवयीनं विचारलं, "कशावरून?" पोरगा म्हणाला, तिचा डावा अंगठा चेचलेला आहे, नख आलंच नाही परत. शनिवारी शाळा सुटल्यावर सर त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आले. वहीत समासात शेरा आहे: 'पुरावा पाहिला.' मला दहापैकी साडेआठ द्यावे लागले. मी एरवी सातच्या वर जात नाही.

इतकं सगळं असून सर एकदा सपशेल तोंडघशी पडले, आणि तो प्रसंग आमच्या शिक्षकखोलीत अजून सणासारखा साजरा होतो. अमेरिकेत 1998 पासून एक पान आहे, झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचं. सगळं खोटं, पण मांडणी अगदी शास्त्रीय. मुलांची परीक्षा घ्यायला तिकडं ते वापरतात. सरांना वाटलं, आपण देशी काढावं. त्यांनी रात्र जागून एक पान टाईप केलं: 'सह्याद्रीतील झाडावर राहणारा खेकडा'. ढोलीतल्या पाण्यात राहतो, फांद्यांवरून फिरतो, वगैरे. सातवीत वाटलं आणि सांगितलं, खरं की खोटं ते पुराव्यासह लिहून आणा. बहुतेकांनी खोटं लिहिलं. सर खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी.

"सर, खरं हाय."

"कशावरून?"

तिनं वहीतून वाचलं. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या जंगलात सापडला, 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. नाव कानी मरंजंडू. कानी हे तिथल्या आदिवासींचं नाव, त्यांनीच आधी सांगितलं होतं. पाण्यानं भरलेल्या झाडांच्या ढोलीत राहतो. "सह्याद्रीचीच रांग हाय ती, सर. पश्चिम घाट. तुम्हीच शिकवलंय." मग जरा थांबून तिनं विचारलं, "तुमचं पान खोटं हाय, कशावरून?"

सर चष्मा कपाळावर नेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी तिच्या वहीतला पत्ता संगणकावर उघडला, वाचला, दुसरीकडं जाऊन पडताळला, तिसरीकडं पडताळला. तास संपला. दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्यांनी अख्ख्या शाळेपुढं जाहीर केलं की झाडावरचा खेकडा अस्तित्वात आहे आणि तो आपण कल्पनेनं जन्माला घातला असा आपला गैरसमज होता. पीटीच्या सरांनी टाळ्या सुरू केल्या. त्या काही केल्या थांबेनात.

अशा शाळेत वार्षिक तपासणीला एक साहेब आले. नारळ, शाल, संगणक कक्षाबाहेर चपला, पडदे बाजूला, सहाची सहा यंत्रं चालू. मग आठवीच्या वर्गात साहेबांनी दोन शब्द सांगितले. देशाभिमानावर आले आणि म्हणाले, "मुलांनो, आपलं राष्ट्रगीत युनेस्कोनं जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत म्हणून निवडलंय, ठाऊक आहे ना?"

एक हात वर गेला. तो कुणाचा हे बघायचीही गरज नव्हती, कारण पाठोपाठ आणखी आठ हात गेले.

"साहेब, कशावरून?"

मुख्याध्यापिका बाईंनी डोळे मिटले. पोरगी अदबीनं बोलत होती, सरांच्या त्या नव्या पाठात शिकवल्याप्रमाणे. "साहेब, मलापण आधी खरंच वाटलं होतं. पण युनेस्को अशी निवड करतच नाही. त्यांनी तसं सांगितलंय. हा मेसेज 2008 पासून फिरतोय. आपलं राष्ट्रगीत चांगलंच आहे, साहेब. त्याला युनेस्को कशाला पाहिजे?" आणि शेवटी, जेवणाची चौकशी राहिली हे आठवून, "साहेब, आपण जेवलात का?"

साहेब जेवले नव्हते. ते काही बोलले नाहीत. ऑफिसात जाऊन बराच वेळ पेन धरून बसले आणि शेरेबुकात एकच ओळ लिहिली: 'इ. 8 वीचे विद्यार्थी प्रश्न विचारतात. लक्ष द्यावे.'

ही ओळ शिक्षकखोलीत दिवसभर चघळली गेली. बाईंच्या मते तो ठपका होता. इंग्रजीच्या मॅडमना ती शाबासकी वाटली. चित्रकलेचे सर म्हणाले, 'लक्ष द्यावे' हे जेवणाबद्दल असेल. कशावरून सरांनी मात्र त्या पानाची झेरॉक्स काढून आणली, फाइलीला लावायला. खाली स्वतःच्या हातानं 'मूळ प्रतीवरून पडताळले' असं लिहून ती माझ्यापुढं सरकवली. म्हणाले, दुसऱ्या कुणाची तरी सही लागते.

मी पेन उघडलं.

"मूळ प्रत पाहिलीत?" मान डावीकडे, एक डोळा बारीक.

"तुम्ही आत्ता आणलीत ना..."

ते गप्प बसून राहिले. मी उठलो आणि ऑफिसात गेलो. शेरेबुक बाईंच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली खिशात घालून शिपाईमामा जेवायला घरी गेले होते.